बिल्डरच्या ड्रोन फोटोंवर आणि थ्रीडी मॉडेलवर किती विसंबायचं?

मुलुंडमधल्या तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे, बिल्डर दर महिन्याला ड्रोनचे फोटो आणि रंगीत मॉडेल पाठवतो, त्यावर ‘७० टक्के काम पूर्ण’ लिहिलंय; ते खरं मानायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी मुंबईतल्या साइटवर प्लॅनिंगचं काम बघतो. फोटो खोटे नसतील, पण ड्रोनला इमारत बाहेरूनच दिसते, आणि हिरवी जाळी व परांची असेल तर तीही धड नाही. आरसीसीचा सांगाडा भराभर चढतो, टक्के वाढतात. वेळ खातं ते प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, फायरची लाइन.

हे चालतं असं. एकमेकांवर ७०-८० टक्के चढणारे फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्यातून पॉइंट क्लाउड, म्हणजे इमारतीचा आकार दाखवणारा ठिपक्यांचा ढग, बनवतं आणि तो बिम (BIM) मॉडेलवर, म्हणजे इमारतीच्या डिजिटल थ्रीडी आराखड्यावर बसवतात. मॉडेलमधल्या कॉलम, बीम, भिंतींना वेळापत्रकातल्या तारखा जोडलेल्या असतात. ठरल्या जागी पॉइंट सापडले की तो भाग ‘झाला’. गोम इथेच आहे. शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावलेला रिकामा कॉलमही सॉफ्टवेअरला भरलेला वाटू शकतो. मॉडेलमध्ये भिंत एकच असते. साइटवर तिचं ब्लॉकवर्क, खोदून बसवलेले पाइप, प्लास्टर, पुट्टी, रंग अशी पाच कामं. ब्लॉक रचले की मॉडेलमध्ये भिंत हिरवी, म्हणजे ‘झाली’!

म्हणून आतले ३६० अंशांचे फोटो मागा, फ्लॅटनिहाय, दर वेळी त्याच जागेवरून. सॅम्पल फ्लॅटचे नकोत, ते सगळेच सुंदर असतात. इमारतीच्या आत जीपीएसचा भरवसा नसतो, तेव्हा कागदावर फ्लॅट नंबर आणि तारीख लिहून तो फ्रेममध्ये धरायला सांगा. स्लॅब भरण्याआधीचं स्टील आणि कंड्युट (विजेच्या तारांच्या नळ्या), टाइल बसण्याआधी पाणी भरून ठेवलेलं बाथरूम, हे फोटो तेव्हाच निघतात. झाकल्यावर फोडल्याशिवाय काही दिसत नाही.

विक्रीचा भाग, म्हणजे बिल्डर बाहेर विकणार ते फ्लॅट, महारेरात (गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाकडे) नोंदलेला असेल, तर आर्किटेक्टचा फॉर्म १, म्हणजे काम किती झालं याचा दाखला, तिथे सापडतो. त्यात स्लॅब, आतल्या भिंती, प्लास्टर, फ्लोअरिंग यांचे टक्के वेगवेगळे असतात. तो बिल्डरच्या अहवालाशेजारी ठेवा आणि ७० टक्के कशाचे, खर्चाचे की कामाचे, हे लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत घरमालकाला भाड्याचं घर सोडायची तारीख देऊ नका.