बीसीएम गेला म्हणतात, बदलू का?

प्रश्न : माझी हॅचबॅक सात वर्षांची आहे. पाऊस सुरू झाल्यापासून लॉक केलेल्या गाडीचे इंडिकेटर मध्येच आपोआप लागतात, सेंट्रल लॉकिंग खटखट वाजत राहतं आणि वायपर बंद केला तरी थांबत नाही. स्कॅनरवर यू०१४० हा कोड आला. वायरमन म्हणतो, बीसीएम गेला, नवा टाकावा लागेल. टाकू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे, लॉक, वायपर सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. यू०१४० चा अर्थ एवढाच, की दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलला बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडून उत्तर मिळालं नाही. सप्लाय तुटला, अर्थिंग गेलं, मधली वायर कापली गेली की बीसीएम खरंच मेला, हे कोडवरून कळत नाही. निव्वळ कोड बघून महागडा बीसीएम बदलायचा आणि बिघाड जागच्या जागी राहायचा, असं फार वेळा होतं. तुमचा त्रास पावसासोबत सुरू झालाय, तेव्हा आधी पाणी शोधा.

बऱ्याच हॅचबॅकमध्ये बीसीएम डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या पायाजवळ असतो. तिथलं कार्पेट उचलून खालचा फोम मुठीत दाबा. पाणी निघालं तर ते येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकून निचरा तुंबतो. इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये वायरी येतात तिथलं रबर फाटतं, बहुतेक वेळा हॉर्नची किंवा फॉग लॅम्पची जादा वायर तिथूनच घुसवलेली असते. एसीची निचऱ्याची नळी निसटली तर पाऊस नसतानाही कार्पेट भिजतं. पाणी वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत थेट कपलरमध्ये, म्हणजे बीसीएमला वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये उतरतं.

कपलर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करून पूर्ण वाळू द्या. पेट्रोल किंवा सँडपेपर नको, पिनांवरचा मुलामा जातो. वायरचं इन्सुलेशन थोडं सोलून बघा. आतलं तांबं काळं-हिरवं पडलं असेल, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत ती वायर मागे कापून नवा तुकडा जोडावा लागतो. नुसती पिन घासून गाडी महिनाभर चालेल, पुढच्या पावसात तेच.

आता सप्लाय. कपलर आणि मग बॅटरी परत जोडा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बीसीएमला एकच फ्यूज नसतो. लॉकिंग, दिवे, वायपर यांचे सप्लाय वेगवेगळ्या फ्यूजमधून येतात, म्हणून सर्किट डायग्राम बघून प्रत्येक फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. मग पुन्हा निगेटिव्ह सोडवून कपलर काढा, तो सुटा ठेवूनच बॅटरी जोडा आणि सप्लायची पिन व अर्थिंगची पिन यांच्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर खेचतो. बल्ब लख्ख पेटला तर दोन्ही बाजू ठीक. नुसत्या मल्टिमीटरवर इथे विसंबू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट खेचतच नाही. बल्ब मंद असेल तर तो पेटता ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि बीसीएमची अर्थिंग पिन यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंगचा बोल्ट खोलून पत्रा घासा. कपलरच्या तोंडातून जाड प्रोब मात्र खुपसू नका, पिन फाकते आणि नवा बिघाड तयार होतो.

शेवटी कॅन लाइन, म्हणजे ज्या दोन वायरींवरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनबाहेर गेलाय, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीत हे दोन्ही प्रकार आढळतात. सॉकेट आणि बीसीएम यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे संदेश पुढे पाठवणारं मधलं मॉड्यूल असेल, तर हा आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या लाइनचा समजा.

लॉकिंगच्या खटखटीसाठी दरवाजा आणि बॉडी यांच्यातली रबरी नळी सरकवून आतल्या वायरी बघा. रोज वाकून त्या तिथेच तुटतात. दाराच्या लॅचमधला, म्हणजे खटक्यातला, मायक्रोस्विच अडकला तरी दार उघडं आहे असाच संदेश जातो. वायपर न थांबण्याला त्याच्या मोटरमधला, वायपर जागेवर आणून थांबवणारा पार्क स्विचही कारण असतो. पण रिले बीसीएमच्या बोर्डावरच असून तो चिकटला असेल, किंवा बोर्डावरचे ट्रॅक पाण्याने खाल्ले असतील, तर बीसीएम बदलण्याला पर्याय नाही. तोही गळती बंद केल्यावरच.

प्रश्न : कुर्ल्याच्या जुन्या मार्केटमध्ये माझ्याच मॉडेलचा बीसीएम स्वस्तात मिळतोय. बसवून चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मॉडेल सारखं असून भागत नाही. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळायला हवा. मागचा वायपर, फॉग लॅम्प, आपोआप मिटणारे आरसे आहेत की नाहीत यानुसार एकाच मॉडेलचे बीसीएम वेगळे असतात. ज्या गाड्यांत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) बीसीएममध्येच आहे, तिथे जुन्या मालकाच्या चाव्या त्यात नोंदलेल्या असतात आणि तुमच्या चावीने इंजिन सुरूच होणार नाही. काही कंपन्यांचा बीसीएम एकदा चासी नंबरशी बांधला गेला की पुन्हा दुसऱ्या गाडीला लागत नाही. म्हणून पैसे देण्याआधी, हा नंबर तुमच्या गाडीला कोड होईल का, हे प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडून नक्की करून घ्या. नवा घेतलात तरी ‘लावून बघू’ म्हणून जोडू नका. काही गाड्यांत पहिल्यांदा इग्निशन चालू होताच तो त्या गाडीशी बांधला जातो.

जुना बीसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर काढण्याआधी त्यातलं कॉन्फिगरेशन वाचून सेव्ह करून घ्या. तो मुका झाल्यावर हेच काम दुप्पट अवघड होतं. कपलरचे फोटो काढा, निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावू नका. कपलर खटका दाबून काढायचा, वायर ओढून नाही.

प्रोग्रॅमिंगच्या वेळी बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर हवाच. दिवे, पंखा, एसी बंद ठेवा. मध्येच व्होल्टेज कोसळलं तर अर्धवट लिहिलेला बीसीएम कायमचा निकामी होऊ शकतो. घरातल्या सगळ्या चाव्या आणि आरसी सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी समोर नसलेली चावी यादीतून पुसली जाते.

गाडी ताब्यात घेण्याआधी दिवे, काचा, लॉक, हॉर्न, दोन्ही वायपर एकेक करून चालवून बघा. मग दार बंद आहे असं बीसीएमला वाटावं म्हणून उघड्या दरवाजाचा लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून गाडी लॉक करा, निगेटिव्ह वायरीत सीरिजमध्ये अँपिअर मीटर जोडा आणि तासभर थांबा. मॉड्यूल झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत करंट असावा. जास्त असेल तर कोणतं तरी मॉड्यूल जागं आहे आणि दोन-चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरेल.

प्रश्न : बीसीएम नवा टाकला, तरी डावा इंडिकेटर भराभर लुकलुकतो. बीसीएम सदोष आला का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मागे एलईडी बल्ब लावलाय का, ते बघा. बीसीएम करंट मोजतो. एलईडी फार कमी खेचतो, म्हणून बल्ब उडाला असं समजून तो वेग वाढवतो. करंट वाढवायला ६ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडतात, पण तो इंडिकेटर चालू असताना २४ वॅटने तापतो आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळवतो. मूळचा २१ वॅटचा बल्ब परत लावणं बरं. बल्ब मूळचाच असेल तर होल्डर काढून त्याचं अर्थिंग तपासा.