मोठ्या एसयूव्हीला मोठं ब्रेक किट टाकावं का?

तुमची गाडी सात सीटर, वजन अडीच टनाच्या आसपास, ३१ इंची टायर काढून ३३ इंची टाकलेत, तेव्हापासून ब्रेक कमी लागतात, आणि आता सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि मोठ्या डिस्क, म्हणजे मोठं ब्रेक किट, टाकू का असं विचारताय. माझं म्हणणं, एवढ्यात नको. आधी 'कमी लागतात' म्हणजे नेमकं काय होतंय ते बघा.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः फसलोय. गाडी माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेली, लांबच लांब उतार, आणि मी टॉप गिअरमधे ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो, अर्ध्यात आल्यावर पेडल मऊ पडायला लागलं आणि एका वळणावर तर जवळजवळ खालीच गेलं. घाबरून दुसऱ्या आठवड्यात भोकं आणि खाचा असलेल्या डिस्क बसवल्या, दिसायला एकदम भारी. पुढच्या वेळी तोच उतार, तेच पेडल! मग एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ब्लीड निप्पल (कॅलिपरवरचा ऑइल काढायचा स्क्रू) सैल करून ब्रेक ऑइल दाखवलं, काळं झालेलं, चार वर्षं कोणी बदललंच नव्हतं (कोणी म्हणजे मीच).

होतं असं की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ (डॉट हा ब्रेक ऑइलचा ग्रेड) नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पण साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि डॉट ३ असेल तर १४० पर्यंत. कॅलिपरमधे ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, मग तुम्ही पेडल दाबताय ते त्या वाफेलाच, पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. डिस्क कितीही मोठी असू दे, ऑइल जुनं असेल तर हे होणारच. दर दोन वर्षांनी बदलून टाका, नवीन सीलबंद डब्यातलं, आणि डॉट ५ चुकूनही भरू नका, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मधे मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

आता तुमच्या गाडीची टेस्ट. रिकामा कोरडा सरळ रस्ता, मागे कोणी नाही, ५०-६० च्या स्पीडला जोरात ब्रेक मारा. पेडल पायाखाली थरथरलं म्हणजे एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आलं, म्हणजे ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे, आणि मग मोठं किट टाकून पहिल्या ब्रेकला गाडी काही फारशी लवकर थांबणार नाही, तिथे फरक पडला तर चांगल्या टायरने. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही तर पॅड किंवा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बघा. पेडल स्पंजसारखं असेल तर लाइनमधे हवा, नाहीतर होज पाइप जुने होऊन फुगतायत. पहिले दोन ब्रेक मस्त आणि चौथ्या-पाचव्याला दम संपतो, तर उष्णतेचा प्रश्न आहे, आणि मोठ्या किटचा खरा उपयोग इथेच.

उष्णता किती ते बघा, अडीच टनाची गाडी १०० वरून शून्यावर आणली की जवळपास ९६५ किलोज्यूल ऊर्जा बहुतेक सगळी डिस्क-पॅडमधेच जाते. ८० वरून थांबवली तर सहाशेच्या थोडी वर. म्हणून उतारावर खालचा गिअर आणि कमी स्पीड, याला फुकटातलं अपग्रेड समजा.

तुमच्या केसमधे माझा संशय टायरवरच आहे. ३१ चे ३३ केले की तेवढाच ब्रेक दाबून जमिनीवर मिळणारा जोर अंदाजे ६ टक्के कमी होतो, शिवाय टायर जड. आणि गाडी उचलली असेल, म्हणजे लिफ्ट किट, तर मागच्या अ‍ॅक्सलवर लोड बघून प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. गाडी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. त्या व्हॉल्व्हची लिंक (त्याला जोडलेली दांडी) अ‍ॅडजस्ट करून घ्यावी लागते, बरेच जण विसरतात.

मग चाकं काढून कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो) हाताने हलतायत का बघा. अडकल्या असतील तर एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. हे सगळं ठीक असेल तर चांगले पॅड टाका, पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाचं. एफएफ असेल तर दोन्ही वेळेला ०.३५ ते ०.४५, ईई असेल तर ०.२५ ते ०.३५. जड गाडीला निदान एफएफ घ्या. रेसिंगचे नको, ते थंड असताना धड लागत नाहीत.

एवढं करूनही उतारावर किंवा ट्रेलर ओढताना दम जातच असेल तर मग किट घ्या, पण तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं. पिस्टन मोठे झाले की तेच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारं) कमी पडून पेडल लांब जाऊ शकतं, आणि फक्त पुढेच टाकलं तर पुढचा-मागचा बॅलन्स बिघडू शकतो. रिममधे कॅलिपर बसतो का तेही पुठ्ठ्याचा साचा कापून आधीच मापा.

नवीन पॅड-डिस्क टाकल्यावर ६० वरून १५ पर्यंत असे आठ-दहा ब्रेक, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता नुसती चालवायची. गरम असताना पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एका जागी चिकटतो, नंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकडी नसतेच.