तेरड्याचं बोंड ‘उलतं’ का?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका बाईंनी विचारलंय. चौथीतल्या मुलानं निबंधात ‘तेरड्याच्या शेंगा उलतात’ असं लिहिलं. चूक धरायची का?

शेंगेवरून मी मार्क कापणार नाही. शास्त्रात शेंग डाळवर्गाची, पण शेवगा त्या वर्गातला नसूनही त्याला आपण शेंगच म्हणतो की. बोलीचा हिशोब साधा असतो: लांबट ती शेंग, फुगीर ते बोंड. तेरड्याचं फळ मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, अंगावर लव. मला स्वतःला बोंडच जवळचं वाटतं, कापसाचं किंवा अफूचं असतं तसं. (आमच्याकडे बोंड म्हटलं की आधी काजूचं आठवतं आणि हॉटेलात बोंडा मागितला तर बटाट्याचा येतो, ते सोडा.)

अडतं ते क्रियापदापाशी. उलणं हे सुकण्याचं काम. उन्हाळ्यात जमीन उलते, थंडीत ओठ उलतात, कापसाचं बोंड वाळलं की उलतं. तेरड्याचं नेमकं उलटं. त्याचं बोंड हिरवं, पाण्यानं टम्म असतानाच फुटतं. पाच फाका कडेला कड लावून बसलेल्या, आतल्या दाबानं ताणलेल्या. जरा धक्का लागला की शिवणी उसवतात, एकेक फाक झटक्यात आत गुंडाळली जाते आणि बिया भिरकावल्या जातात. वारा नको, पाखरू नको. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये या प्रजातीसाठी वापरलेल्या ‘इम्पेशन्स’ या लॅटिन नावाचा अर्थच अधीर असा आहे.

गौरीला जांबोटीकडून तेरड्याची जुडी आणली होती. वर फुलं, खाली बोंडं धरलेली. सोडताना एक चिमटीत आलं. बोटांत अळी वळवळावी तसं झालं आणि तपकिरी बिया थेट हळदीकुंकवाच्या तबकात! शेजारच्या कानडी अक्का हसून म्हणाल्या, “सिडीत नोड्री!” (फुटून उडालं बघा!)

हा शब्द मला फार आवडला. कन्नडात ‘सिडि’ म्हणजे फुटणं आणि उसळून उडणं, दोन्ही एकदम. कडाडून पडणारी वीज ती ‘सिडिलु’. मराठीत इतका नेमका एकच धातू मला सुचत नाही. ‘तडकणं’ म्हणावं तर तडकलेली काच जागच्या जागीच राहते. ‘फुटणं’ चालेल, गळू फुटतं, फुगा फुटतो, पण त्यात बियांचं उडणं येत नाही. आम्ही पोरं ‘बोंडं उडवायला’ जायचो, तिथं फुटणं गृहीतच धरलेलं. तेव्हा दोन क्रियापदं घ्यायची: बोंड टचकन फुटतं, बिया उडतात.

तर बाई, शेंग राहू द्या. ‘उलतात’खाली रेघ मारा, पण त्याआधी पोराला कुंपणाशी नेऊन एक बोंड दाबायला लावा. भादवा सरेपर्यंत मिळतील.