बुधवारी रात्री आठ

प्रश्न : रेडिओ निवेदक अमीन सयानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले. तुमच्या घरी त्यांचा हिंदी सिनेगाण्यांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, ऐकायचे का?

उत्तर : ऐकायचे म्हणजे काय, बुधवारी आठच्या आत ताटं उचललेली असत! श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा नि लांब जायचा. नेमकं पहिल्या पायदानाचं, म्हणजे पहिल्या क्रमांकाचं, गाणं खरखरीत बुडालं की दादा रेडिओला थापट्या मारायचा. सयानींनी 'बहनों और भाइयों' म्हटलं की आजी पदर सावरून बसे. आकाशवाणीवर सिनेसंगीत नको म्हणणारे तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर मराठीच, त्यामुळे वडील त्यांच्या बाजूचे; ऐकायचे मात्र दाराआडून. खरं सांगू? पुढे पुढे सयानींच्या बोलण्यातलं ते लाघव मला जरा जास्तच वाटायचं. पण १९८९मध्ये विविध भारतीवर तोच आवाज स्वच्छ आला, तर खरखरीवाचून चुकल्यासारखं झालं.