पुरातला ताप आणि मुलाची स्वमग्नता

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतले आमचे घर पाण्यात गेले, तेव्हा मला पाचवा महिना होता. निवारा केंद्रात थंडी वाजून ताप आला; लघवीला जंतुसंसर्ग निघाला आणि अँटिबायोटिक घ्यावे लागले. मुलगा आता शाळेत जातो, बोलतो मोजकेच, आणि हळकुंडे दिसली की त्यांची रांग लावत बसतो. डॉक्टरांनी स्वमग्नता (ऑटिझम) सांगितली आहे. त्या तापानेच हे झाले, असे सासूबाई म्हणतात. दुसऱ्या बाळाचा धीर होत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, गरोदरपणी मोठा संसर्ग झालेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण थोडे अधिक आढळते, हे खरे आहे. पण स्वीडनमध्ये १९८७ ते २०१० या काळात जन्मलेल्या सुमारे साडेपाच लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्भ राहण्याच्या आधीच्या वर्षात आईला संसर्ग झाला असला तरीही हे प्रमाण वाढलेलेच निघाले. आणि एकाच्या वेळी संसर्ग झालेला, दुसऱ्याच्या वेळी नाही, अशा सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा फरक उरला नाही. मला हा पुरावा फार वजनाचा वाटतो, कारण त्यावरून बोट तापाकडे न जाता घराण्यातील जनुके आणि परिस्थिती यांच्याकडे जाते. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

रुबेलाची (जर्मन गोवराची) गोष्ट मात्र निराळी आहे. अमेरिकेतील १९६४ च्या साथीनंतर जन्मतः रुबेलाग्रस्त असलेल्या मुलांत स्वमग्नता कितीतरी जास्त आढळली होती. म्हणून पुढच्या वेळी गर्भ राहण्यापूर्वी किमान एक महिना आधी, डॉक्टरांना विचारून, रुबेलाची लस घ्यावी. गरोदरपणात ती देत नाहीत.

गोळ्या घेतल्यात ते योग्यच केलेत. लघवीचा संसर्ग अंगावर काढला असता तर तो मूत्रपिंडापर्यंत चढून बाळ अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका होता.

दुसऱ्या बाळाबद्दल स्पष्ट सांगायला हवे : पहिल्या मुलाला स्वमग्नता असेल तर धाकट्यात ती असण्याची शक्यता सुमारे पाचात एक असते, मग दुसऱ्या खेपेस ताप येवो वा न येवो. निर्णय तुम्हा दोघांचा आहे, पण तो या आकड्यावर घ्यावा, पुराच्या आठवणीवर नव्हे.

मुलाची वाचोपचार तज्ज्ञांकडील सत्रे चुकवू नका. घरी त्याची रांग मोडू नका. शेजारी बसून तिच्या टोकाला एक हळकुंड तुम्ही ठेवा आणि तो तुमच्याकडे पाहीपर्यंत थांबा.