फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश बँडचा सुरुवातीचा ब्लूज काळ ऐकायचा तर कोणता अल्बम घ्यावा?
'द पायस बर्ड ऑफ गुड ओमेन', १९६९चा संग्रह. १९६८ साली बँडचे दोन अल्बम आले होते, पण बँडचा गिटारवादक-गायक पीटर ग्रीनचं खरं सोनं सुट्या सिंगल्समध्ये आहे आणि ते इथे एकत्र मिळतं. 'अल्बट्रॉस'मध्ये एकही शब्द नाही, तरी ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. 'ब्लॅक मॅजिक वुमन' अनेकांना सांताना या अमेरिकी बँडचं वाटतं. मूळ गाणं ग्रीनचंच. 'नीड युअर लव्ह सो बॅड' मात्र रात्री शांतपणे ऐका. गायलेली ओळ संपते न संपते तोच गिटार तिला उत्तर देते, एकही स्वर फुकट नाही! दोन गाणी अमेरिकी ब्लूज पियानोवादक एडी बॉइडची आहेत, तीही सोडू नका. मग फ्लीटवूड मॅकचाच 'देन प्ले ऑन' हा अल्बम घ्या. १९७० मध्ये ग्रीनने बँड सोडला.