‘इम्प्रॉपर’ म्हणजे असभ्य नव्हे, आणि ‘ए वन’ म्हणजे झकास नव्हे

एका ताईंचा प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या काँट्रा डान्सवरचा लेख मराठीत आणतेय, त्यात कॉलरच्या (म्हणजे नाचणाऱ्यांना पुढची चाल ओरडून सांगणाऱ्याच्या) डान्स कार्डवर वर ‘इम्प्रॉपर’ आणि खाली ‘ए वन, ए टू, बी वन, बी टू’ असं आहे, तर ‘असभ्य नाच, दर्जा ए वन’ चालेल का.

अहो ताई, नका हो असं करू 😄 हे लोक चर्चच्या हॉलमध्ये लिंबूसरबत पिऊन नाचतात.

काँट्रात जोड्या समोरासमोर दोन लांब रांगा करतात. जुन्या पद्धतीत सगळे पुरुष एका रांगेत न् बायका दुसऱ्या रांगेत, ते ‘प्रॉपर’, आणि एकाआड एक जोडीने जागा अदलाबदल केली की झालं ‘इम्प्रॉपर’. आता बहुतेक नाच असेच उभे राहून करतात. म्हणून मी ‘आलटपालट रांग’ म्हणेन. कार्डावर ‘इम्प्रॉपर’च्या जागी ‘बेकेट’ दिसलं, म्हणजे उभं राहायची आणखी एक पद्धत, तर मात्र तसंच ठेवा, ते मॅसॅच्युसेट्समधल्या गावाचं नाव आहे.

आता ‘ए वन’. धून ६४ मात्रांची, तिचे १६-१६ चे चार तुकडे, ए दोनदा न् बी दोनदा, म्हंजे तबलेवाल्यांना कळेल असं सांगायचं तर तीनतालाची चार आवर्तनं, आणि कार्डावरच्या चार ओळी म्हणजे हे चार तुकडे. ‘ए वन : एन बॅलन्स, स्विंग १६’ याचा अर्थ पहिल्या सोळा मात्रांत शेजाऱ्याबरोबर झोका आणि गिरकी. एन म्हणजे नेबर, पी म्हणजे पार्टनर. एवढं तुटक का, तर कॉलरला पुढची चाल सुरू व्हायच्या दोन-चार मात्रा आधी ओरडून सांगायची असते, तेव्हा वाक्य वाचत बसायला वेळ कुठाय, नजर टाकली की कळलं पाहिजे.

तिकडे बहिणीकडे गेलो होतो तेव्हा एका कॉलर बाईंची कार्डं हातात घेऊन बघितली. पोस्टकार्डाएवढी, वर नाचाचं नाव न् तो कोणी रचला ते, कोपऱ्यात रंगीत ठिपका, हिरवा म्हणजे नवख्यांना जमेल, आणि मागच्या बाजूला कधी-कुठे घेतला त्या तारखा. एकावर पेन्सिलीने ‘लेडीज’ खोडून ‘रॉबिन्स’ केलेलं, कारण आता बऱ्याच ठिकाणी स्त्री-पुरुष न म्हणता लार्क आणि रॉबिन अशी पक्ष्यांची नावं घेतात. संध्याकाळच्या आधी डब्यातून दहा-बारा काढायची, क्रमाने लावायची, वर दोन-तीन सोपी जादा, गर्दी नवखी निघाली तर.

आणि ‘डान्स कार्ड’चं ‘नृत्यपत्रिका’ नको. जुन्या बॉलमध्ये बायका कुठला नाच कोणाबरोबर ते लिहून ठेवायच्या ते कार्ड वेगळं, हे कॉलरचं ‘टिपण’. सगळा डबा मिळून? शाहिरांचं असतं तसं ‘बाड’. कॉलर मात्र कॉलरच राहू दे, ‘पुकारणारा’ म्हटलं की कोर्टातला पट्टेवालाच डोळ्यासमोर येतो.